डावा, उजवा की मधला? आयत कुठला कधी घ्यायचा

कर्व्हखालचं क्षेत्रफळ आयतांनी काढायला बसलं की सगळे इथेच अडतात, आयताची उंची घ्यायची कुठली, डाव्या टोकाची, उजव्या टोकाची की मधली? कुठलीही घ्या, चालतं असं सांगतात आणि ते खरंही आहे, आयत वाढवत नेले की तिन्ही एकाच उत्तराला जाऊन मिळतात, पण गणितात आयत चारच दिलेले असतात तेव्हा फरक चांगलाच पडतो.

एक्स स्क्वेअर घ्या, 0 ते 2, चार आयत, प्रत्येकाची रुंदी 0.5. डाव्या टोकाने 1.75 येतं, उजव्याने 3.75, आणि खरं उत्तर 8/3 म्हणजे साधारण 2.667. मधल्या बिंदूने? 2.625! मेहनत तेवढीच, चारच उंच्या काढल्या, आणि उत्तर एवढं जवळ. कारण चित्र काढलं की लगेच दिसतं, मधल्या आयताचा एक कोपरा कर्व्हच्या वर जातो आणि दुसऱ्या बाजूला तेवढीच जागा जवळपास रिकामी राहते, म्हणजे चूक आपली आपणच बरीचशी खोडली जाते. आयत आठ केले तर डाव्याची चूक साधारण अर्धी होते, मधल्याची थेट पाव. त्यामुळे फंक्शन हातात असेल आणि उत्तर जवळचं हवं असेल तर मी डोळे झाकून मधला घेईन.

मग डावा-उजवा कशाला शिकायचा? तर फंक्शन सतत चढतं असेल तर डावा नक्की कमी देतो, उजवा नक्की जास्त, म्हणजे खरं उत्तर दोघांच्या मध्ये आहे याची खात्री मिळते, ती एकटा मधला देत नाही. उतरत्या फंक्शनला हे बरोब्बर उलटं होतं, इथे खूप जण मार्क घालवतात.

टेबल दिलेलं असेल तर गोष्टच वेगळी. समजा गाडीचा वेग दर 10 सेकंदांनी दिलाय, 0, 6, 10, 12, 13 मीटर प्रति सेकंद, तर 5 व्या सेकंदाचा वेग आपल्याकडे नाहीच, मग मधला घ्यायचा तर 20 सेकंदांचे दोनच जाड आयत पाडायचे, 6 आणि 12 उंचीचे, 360 मीटर अंतर येतं. डाव्याने 280, उजव्याने 410, आणि दोघांची सरासरी 345, हाच ट्रॅपेझॉइड, म्हणजे आयतांऐवजी तिरप्या माथ्याचे समलंब चौकोन घ्यायची पद्धत. टेबलला मला सरासरीच बरी वाटते कारण सगळे आकडे वापरले जातात. अमेरिकेत एपी कॅल्क्युलस (शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) करणाऱ्या आपल्या मुलांना अशी टेबलं हमखास भेटतात, आणि त्यात कधी कधी अंतरं सारखी नसतात, तेव्हा प्रत्येक आयताची रुंदी वेगळी गुणायची, सरसकट एकच घेऊन टाकायची नाही.

लिमिट ऑफ अ समने, म्हणजे आयतांची संख्या एन अनंताकडे नेऊन नेमकं उत्तर काढायला सांगितलं असेल तर मात्र सरळ उजवा घ्या, आयताचा क्रमांक आर 1 ते एन चालतो आणि वर्गांच्या बेरजेचं सूत्र जसंच्या तसं बसतं, डावा घेतलात तर एन वजा 1 सांभाळत बसावं लागतं.