कडकनाथच्या 10 तलंगा मागवल्या, 6 नर निघाले

जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. चार महिन्यांच्या कडकनाथ तलंगा (अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या), सगळ्या लसी झालेल्या, सोबत एक नर. 10 तलंगा प्रत्येकी 450, नर 700, गाडीभाडं 600. झाले 5,800. त्यातले 2,000 आगाऊ, बाकीचे 3,800 गाडी दारात आल्यावर. पुढचं तुम्हाला पाठच असेल: अंधार पडताना आलेली गाडी, क्रेटवर फडकं, ड्रायव्हरला घाई.

सकाळी पाहिलं तर 10 पैकी 6 नर. मागवलेला धरून 7. माद्या 4, माझ्या जुन्या गावरान 4, म्हणजे 8. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. इथे जवळपास एकास एक. माद्यांच्या पाठीची पिसं झडली, एकीची कूस नरांच्या नखांनी फाटली.

"नर-मादी कळत नाही का?" म्हणून हसणाऱ्यांनी ऐका. बाकी जातींत नराचा तुरा या वयात मोठा, लालभडक होतो. कडकनाथचा तुराच काळा! लाल झालेला दिसणार कुठून? म्हणून तर हे चोर कडकनाथ विकतात.

खरी चीड विकणाऱ्याने आधी पाठवलेल्या व्हिडिओची येते. मी तो घरात सगळ्यांना कौतुकाने दाखवला होता. त्यात एक "तलंग" मान ताणते आणि फाटक्या आवाजात आरवते. विचारलं, तर विकणारा म्हणाला, "तो मागचा नर हो, दादा." पण चोच हिचीच उघडलेली! शेपटीच्या मुळाशी लांब, टोकदार, चकाकती पिसं. मादीची तिथली पिसं गोल असतात. आणि विकायचा नर कोपऱ्यात अंग फुगवून, एक डोळा मिटून उभा. "दुपारची झोप आहे." फोनच्या एवढ्याशा पडद्यावर कोण पिसांची टोकं बघत बसतं?

त्या नराचा डोळ्याखालचा भाग सुजला, नाकातून घाण वासाचं पाणी. "प्रवासाचा ताण, हळद द्या." तो कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी निघाली. माझ्या जुन्या 4 पैकी 2 गेल्या, उरलेल्यांची अंडी बंद. त्याने पाठवलेल्या लसीच्या कागदावर लासोटा आणि आर-टू-बी एकाच तारखेला! लासोटा पहिल्या आठवड्यात देतात, आर-टू-बी आठव्याच्या सुमारास. शिवाय दोन्ही लसी राणीखेतच्या, म्हणजे कोंबड्यांच्या वेगळ्याच रोगाच्या. कोरायझाला त्यांचा काय उपयोग?

वर "पक्षी बदलून देतो, परतीच्या गाडीची अनामत भरा" म्हणून आणखी 1,200 घेतले. इतक्या अदबीने बोलत होता की कुणीही भरले असते. एकूण 7,000. मग नंबर ब्लॉक.

दवाखान्यात डॉक्टर दौऱ्यावर. परत गेलो तर "म्हैस असती तर आलो असतो" हे तोंडावर ऐकवलं. शेवटी खासगी डॉक्टरने रोग ओळखला. पोलीस ठाण्यात तर करमणूकच झाली. "कोंबड्यांची तक्रार? मग कापून खा की!" बिल मागितलं. असलं बिल कोण देतं? "नर निघाला ही फसवणूक कशी, हा दिवाणी मामला." अहो, खोटं सांगून पैसे उकळणं म्हणजेच फसवणूक, जुन्या 420 च्या जागी भारतीय न्याय संहितेचं 318 कलम आलंय, ते मी यांना सांगायचं? अर्ज घेतला, पोच दिली नाही. साहेब आल्यावर या. साहेब आले, तर बंदोबस्ताला गेले. 7,000 त्यांना किरकोळ वाटतात. अशा किरकोळांवरच तो माणूस गाडी फिरवतो.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर ठाण्यात हेलपाटे घालण्याआधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा, तेही त्याच दिवशी. मी अनामत गेल्यावर आठ दिवस त्याच्या फोनची वाट पाहिली. क्रेट उजेडात उघडल्याशिवाय बाकी देऊ नका, ड्रायव्हर कितीही ओरडो. प्रत्येक पक्षी उचला: नाक दाबून पाहा, छातीला कान लावा, घरघर ऐका. नवे पक्षी महिनाभर वेगळे, भांडीसुद्धा वेगळी. एवढी जागा नाही म्हणणाऱ्यांनी आधी पक्षी घेऊच नयेत.

आता लोक मेसेज करतात, जास्तीचे नर स्वस्तात देता का. नाही देणार. कोरायझातून उठलेला पक्षी धडधाकट दिसला तरी जंतू बाळगून असतो.