जुन्या छोटा हत्तीचं अ‍ॅव्हरेज, सात-आठ महिन्यांचा अनुभव

गाडी जुनी टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, ७०२ सीसी, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. रूट नारायणगाव ते पुण्याचं मार्केटयार्ड, जाताना टोमॅटोचे क्रेट आणि येताना बहुतेक रिकामी. लिटरला १४ किलोमीटरवर आली होती आणि जो तो म्हणायचा इंजिन खोला. इंजिन न खोलता आता १७ च्या वर देते. मोजायचं असेल तर टाकी फुल टू फुल, शक्यतो त्याच पंपावर, डिझेलच्या काट्यावर अजिबात जाऊ नका.

सगळ्यात मोठा फरक पडला तो मागच्या ब्रेकचा. सपाट रोडला न्यूट्रल करून बघितली तर गाडी पळायचीच नाही, लगेच दम सोडायची. थांबून मागच्या ड्रमजवळ हात नेला तर डावा कोमट आणि उजवा चटका बसेल इतका गरम. जॅक लावून चाक हाताने फिरवलं तर खर्रर्र करून अर्ध्या फेऱ्यात बंद. हँडब्रेकची केबल आतून गंजलेली, लिव्हर खाली केला तरी ब्रेकचा लायनर (चाक थांबवणारी घर्षणाची पट्टी) ड्रमला घासतच होता, म्हणजे डिझेल जाळून आम्ही लायनर झिजवत होतो. केबल बदलली, ड्रम साफ केला, विषय संपला.

मग हवा. टायर १२ इंची, जरा कमी असली तरी लोडमध्ये बसतात, सकाळी टायर थंड असतानाच चेक करायची. आणि उगाच जास्त पण मारू नका, मधला पट्टा झिजतो. एअर फिल्टर बदलल्यावर चढाला काळा धूर कमी झाला.

स्पीडचं म्हणाल तर ६५ ऐवजी ५० ला चालवतो, वारा वेगाच्या वर्गाने आडवा येतो (वेग दुप्पट तर वारा चौपट), त्यात येताना रिकामे क्रेट उंच रचलेले आणि ताडपत्री फडफडत असली की मागून कोणी ओढतंय असंच वाटतं. आता क्रेट केबिनच्या उंचीतच ठेवतो, दोरी आवळून.

डिझेलच्या पाइपला लावायचं चुंबक पण घेतलं होतं, फरक शून्य, सध्या खाली पडलेले नट उचलायला कामाला येतं. उतारावर न्यूट्रल मात्र नको, ब्रेक तापतात, गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडला तरी इंजिनचा डिझेल पंप डिझेल तोडतोच.

चाकणच्या ट्रॅफिकला यातलं काहीच लागू पडत नाही, तिथे फर्स्ट-सेकंडमध्ये सगळी कमाई जाते, म्हणून पहाटे चारच्या आत चाकण ओलांडायचं.