आफ्टरमार्केट सीट आणि कंपनीचा बेल्ट: जुन्या स्विफ्टमधला वर्षभराचा अनुभव

ड्रायव्हरची कंपनीची सीट काढून बाहेरची बकेट सीट बसवली त्याला आता वर्ष होत आलं. उन्हाळा, पावसाळा, ताम्हिणी, एक्सप्रेस वे आणि रोजचं हिंजवडीचं रडगाणं हे सगळं या सीटवर बसून झालंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. सीटबद्दल फार लिहिणार नाहीये. सीट मस्त आहे, कंबर धरून ठेवते, घाटात वळणावर स्टिअरिंगला लटकावं लागत नाही, विषय संपला. लिहायचंय ते बेल्टबद्दल, कारण सीट विकणारा कलर दाखवतो, शिलाई दाखवतो, फोम दाबून दाखवतो, आणि बेल्ट कुठे लावायचा विचारलं की म्हणतो होतं हो ते, फिटर करतो.

गाडी २००८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, १.३ पेट्रोल, एअरबॅग नाहीत, प्रीटेन्शनर नाही. हे मुद्दाम सांगतोय. ज्यांच्या गाडीत सीटमध्येच साइड एअरबॅग आहे किंवा सीटखाली पिवळा कनेक्टर दिसतोय त्यांनी हे वाचून हात शिवशिवू देऊ नका. प्रीटेन्शनरमध्ये फटाक्यासारखा दारूगोळ्याचा छोटा बार असतो, धडक बसली की तो उडतो आणि बेल्ट खेचून घट्ट करतो, आणि अशा गाडीत सीट काढणं म्हणजे एअरबॅगच्या सगळ्या सिस्टीमला हात घालणं. नव्या गाड्यांत सीटवर माणूस बसलाय का ते सांगणारा सेन्सरही असतो. तिथे बाहेरची सीट हा माझ्या मते वेडेपणा आहे, कितीही भारी ब्रँडची असली तरी.

आता मूळ भानगड. तीन पॉइंटचा बेल्ट म्हणजे गाडीला तीन जागी धरलेला पट्टा, १९५९ पासून व्होल्वोच्या त्या नील्स बोलीनने केला तसाच आजही आहे. एक टोक वर बी पिलरला (पुढच्या आणि मागच्या दारामधला खांब), एक खाली दाराच्या बाजूला, आणि तिसरी जागा बकल, म्हणजे बेल्टची जीभ ज्यात क्लिक होते ते. पहिल्या दोन जागा गाडीच्या बॉडीला आहेत, सीट बदलली तरी त्या जागच्या हलत नाहीत. बकल मात्र स्विफ्टमध्ये सीटच्या खालच्या फ्रेमला, आतल्या रेलजवळ बोल्टने लावलेलं असतं आणि सीट पुढेमागे सरकली की तेही सरकतं. म्हणजे कंपनीची सीट काढली की बकलही गेलं, आणि नवीन सीटला बकल लावायला जागाच नाही! जुन्या बऱ्याच गाड्यांत बकल थेट फ्लोअरला असतं, त्यांचं काम सोपं.

फिटरने काय सुचवलं? युनिव्हर्सल स्लायडरला (कुठल्याही सीटखाली बसणारी सरकती रेल) एक पट्टी वेल्ड करतो, त्याला भोक पाडून बकल लावतो, "साहेब, हत्ती बांधला तरी हलणार नाही." आता हत्तीचं माहीत नाही पण बेल्टच्या अँकरची, म्हणजे बेल्ट गाडीला जिथे धरलेला असतो त्या जागेची, टेस्ट कशी होते ते बघा. यूएनचा आर१४ नावाचा नियम आहे, त्यात साध्या कारसाठी खांद्याच्या पट्ट्यावर साधारण साडेतेराशे किलोची ओढ आणि त्याच वेळी कमरेच्या पट्ट्यावर तेवढीच. आणि अँकर जर सीटवर असेल तर सीटच्या वजनाच्या २० पट ओढ आणखी वर. बकलवर तर दोन्ही पट्टे एकत्र येतात. एवढा भार ज्या स्लायडरवर जाणार तो आत कसा दुमडलेला पत्रा आहे, दातऱ्या किती धरतात हे कोणालाच माहीत नाही, आणि वेल्डिंगच्या शेजारचा पत्रा तापून कमजोर झालाय का हे डोळ्यांना दिसत नाही. युनिव्हर्सल स्लायडर तुम्हाला पुढेमागे करायला बनवलेला आहे, धडकेत तुम्हाला धरून ठेवायला नाही. मी नाही म्हटलं, फिटर नाराज झाला, असो.

मी केलं ते असं. नाना पेठेत भंगारातली स्विफ्टची ड्रायव्हर सीट शोधली, तिची पाठ आणि वरचा पॅन काढून टाकला आणि दोन्ही रेल व त्यावरचं बकलचं ब्रॅकेट, हे कंपनीने जसं बनवलंय तसं एका तुकड्यात ठेवलं. स्वतःची ओरिजिनल सीट न कापता माळ्यावर टाकली. मग भोसरीत लेझर कटिंगवाल्याकडून ६ एमएमच्या प्लेट्स कापून घेतल्या, खाली कंपनीची रेल, वर नवीन सीट, मध्ये या प्लेट्स, सगळं ८.८ ग्रेडच्या बोल्टने, वेल्डिंग कुठेच नाही. सीटच्या बुडाला एम ८ चे (मेट्रिक, ८ एमएमचे) बोल्ट बसतात आणि गाडीच्या फ्लोअरला एम १०, त्यामुळे अशी मधली प्लेट तशीही लागतेच. फायदा हा की बकलचा भार ज्या वाटेने फ्लोअरला जायचा त्याच वाटेने जातो, नवीन सीट त्या हिशोबात येतच नाही, ती फक्त बसायला.

बोल्टवरून एक महत्त्वाची गोष्ट. बेल्टचा अँकर बोल्ट सहसा मेट्रिक नसतो, जपानी गाडीतही नसतो. तो साडेतीन सुताचा असतो, म्हणजे ७/१६ इंच, इंचाला २० आटे, यूएनएफ. नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानात तो मिळत नाही, मग फिटर एम १२ चा टॅप मारून नवे आटे पाडायला निघतो किंवा एम १० चा घालून वॉशर लावतो. दोन्ही होऊ देऊ नका. शिवाय कंपनीचा बोल्ट पायरीचा असतो, आट्यांच्या वर थोडा गुळगुळीत भाग, त्यामुळे बोल्ट पूर्ण आवळला तरी बेल्टची पट्टी त्याभोवती फिरू शकते आणि ओढ लागेल त्या दिशेला वळते. साधा बोल्ट आवळला की पट्टी जाम होते आणि मग ओढ तिरकी बसते. भंगारातून सीट घेताना बकलसकट, बोल्टसकट घ्या. बकल मात्र अपघातातल्या गाडीचं नको, मी बकल माझ्या गाडीचंच वापरलं, भंगारातलं फेकलं.

एवढं करूनही पहिल्यांदा बसल्यावर बेल्ट नीट नव्हता आणि हा भाग सगळ्यात जास्त वेळखाऊ. कंपनीची सीट सपाट असते. बकेट सीटचे बाजूचे फुगवटे, बोल्स्टर म्हणतात ते, मांडीशेजारी उंच येतात आणि कमरेचा पट्टा त्यांच्यावरून पुलासारखा जातो. पट्टा घट्ट वाटतो पण तो बोल्स्टरला घट्ट असतो, तुम्हाला नाही, खाली बोटं घालून बघितलं की कळतं. कमरेचा पट्टा पोटाखाली, दोन्ही बाजूच्या कमरेच्या हाडांवर टेकायला पाहिजे. तो वर पोटावर राहिला तर धडकेत माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा पोटात घुसतो. म्हणून सीट घेतानाच बघा, पट्टा जायला जागा आहे का. माझी सीट रिक्लाइन होणारी आहे, तिच्यात बसायचा भाग आणि पाठ यांच्यामध्ये बिजागरीपाशी फट आहे, पट्टा तिथून आत येतो आणि सरळ कमरेवर बसतो. एक तुकड्याच्या फायबरच्या सीटला बाजूला खाच असते, तिथे दाराकडचा अँकर सोडवून पट्टा खाचेतून ओवून परत लावावा लागतो. ज्या सीटला ना फट ना खाच, ती कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा.

कमरेच्या पट्ट्याचा कोन मोबाइलच्या अँगल मीटरने मोजला. त्याच आर१४ मध्ये पुढच्या सीटसाठी बकलकडून ४५ ते ८० अंश आणि दाराकडून ३० ते ८० अंश अशी हद्द आहे, फ्लोअरच्या आडव्या रेषेपासून. माझा दोन्हीकडून आत आला, पण सीट पार पुढे घेतली की दाराकडचा कमी होत जातो, कारण ते टोक बॉडीला आहे, सरकत नाही. मी उंच आहे, मागे बसतो, मला चालतं. बुटक्या माणसाने हे पुढे सरकून मोजावं.

उंची हा दुसरा त्रास. रेल अधिक प्लेट अधिक सीट, सगळं मिळून मी साधारण इंचभर वर आलो. खांद्याचा पट्टा पिलरवरून खांद्यावर येताना किंचित वरून किंवा सरळ यावा. तुम्ही वर गेलात की पट्टा खांद्यामागे खाली उतरायला लागतो आणि धडकेत खांदा खाली दाबतो. प्लेट पुन्हा कापून, मागची बाजू खाली घेऊन ते जुळवलं, आता बरोबर आहे. सीटच्या पाठीला वर जी दोन भोकं असतात ती चार पॉइंटच्या हार्नेससाठी, म्हणजे रेसिंगच्या दोन्ही खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यांसाठी, कंपनीचा खांद्याचा पट्टा त्यातून ओवलेले फोटो बघितलेत मी, तो पट्टा मग रिट्रॅक्टरमध्ये, म्हणजे पट्टा गुंडाळून घेणाऱ्या ड्रममध्ये, परत जातच नाही, ढिला लोंबतो.

रिट्रॅक्टरला मी हात लावलेला नाही आणि तुम्हीही लावू नका. पिलरच्या आत जो ड्रम असतो त्यात एक गोळी असते, गाडी जोरात थांबली किंवा फार कलली की ती हलते आणि ड्रम लॉक होतो. तो ठरलेल्या कोनातच बसवावा लागतो, थोडा तिरका लावला की सपाट रस्त्यावरही बेल्ट बाहेर येत नाही.

वर्षभरात काय काय झालं ते आता. बकल बोल्स्टर आणि हँडब्रेकच्या मध्ये बुडालंय, लावताना बोटं सोलतात, अजूनही सवय होत नाहीये. सोडवायला मात्र अडचण नाही, बटण वरून दाबता येतं, हे आधीच तपासलं होतं. दुकानात एक्स्टेन्डर मिळतात, बकलमध्ये घालायचे आणि त्यात बेल्ट, पण त्याने बकल वर सरकून पोटावर येतं, म्हणजे वर जे सगळं जुळवलं ते पाण्यात. शिवाय त्या जिभा कुठल्याही बकलमध्ये क्लिक होतात आणि धरतीलच याची खात्री नाही. त्याच रांगेत बेल्टचा बीप बंद करायच्या क्लिप्स असायच्या, २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना त्या काढायला लावल्या, बरं केलं.

पावसाळ्यानंतर कमरेच्या पट्ट्याची कड एका जागी फुसफुशीत झालेली दिसली, रिक्लायनरच्या प्लास्टिक कव्हरची धार घासत होती. कव्हर काढून कड तासली, तेव्हापासून नवीन झीज नाही. पट्टा कापला गेला असता तर पूर्ण बेल्ट बदलला असता, टाका मारून चालत नाही. सगळ्या बोल्टवर मार्करने रेघ मारलीय, बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. एक प्लेटचा बोल्ट सुरुवातीला किंचित फिरला होता, लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावून परत ठरलेल्या टॉर्कला आवळला, नंतर जैसे थे. अँकरचे बोल्ट हललेले नाहीत. रिकाम्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारून बघतो अधूनमधून, बेल्ट लॉक होतो, कंबर जागेवर राहते.

कायद्याचं विचारणारच कोणीतरी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाही. म्हणून बॉडीला एकही भोक, एकही वेल्ड नाही, चार बोल्ट सोडले की गाडी कंपनीतून आली तशी. पंधरा वर्षांच्या री-पासिंगला ओरिजिनल सीटच होती, पुढच्या वेळीही तीच लावून नेणार.

खर्च म्हणाल तर सीट वीस-बावीस हजार, आणि भंगारातली रेल, कटिंग, बोल्ट, मजुरी मिळून त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. हा दुसरा आकडा बजेटमध्ये धरूनच सीट बघायला जा.

मित्र विचारतात शेजारची पण बदल ना, जोडी चांगली दिसेल. नाही बदलणार. तिथे आई बसते, तिची उंची कमी, सीट पुढे घेऊन बसते, म्हणजे दाराकडचा कोन नेमका तिथेच बिघडतो, आणि बोल्स्टर ओलांडून उतरताना तिचे गुडघे दुखतात. बकल तर तिला सापडणारच नाही.