दुर्बीण घ्यायची, तर प्रदर्शनात जावं की मळ्यात?

अलीकडे तिघांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. पहिली मोठी दुर्बीण घ्यायची आहे, एप्रिलमध्ये लेकीकडे अमेरिकेला जाणं होणारच आहे, तर तिथल्या ‘नीफ’ला जाऊन पारखून आणावी, की आधी साताऱ्यातच कुणाच्या तरी मळ्यात दोन-चार अमावास्या काढाव्यात आणि मग ठरवावं? मी दोन्ही केलंय, फक्त उलट्या क्रमाने. त्यामुळे माझं मत ताक फुंकून पिणाऱ्या माणसाचं आहे, हे आधीच सांगतो.

नीफ म्हणजे नॉर्थईस्ट अ‍ॅस्ट्रॉनॉमी फोरम. न्यूयॉर्क राज्यात, न्यू जर्सीच्या अगदी वेशीवर सफर्न नावाचं गाव आहे. तिथल्या रॉकलँड कम्युनिटी कॉलेजात तिथलाच हौशी क्लब हे प्रदर्शन भरवतो, बहुधा एप्रिलमधल्या एखाद्या शनिवार-रविवारी. आपल्याकडे झेडपीच्या मैदानावर कृषी प्रदर्शन भरतं ना, तसंच, फक्त ट्रॅक्टर-रोटाव्हेटरच्या जागी दुर्बिणी. खेळाचा भलाथोरला हॉल, टेबलाला टेबल लागलेलं, गळ्यात पट्टा अडकवून फिरणारी माझ्या वयाची पांढऱ्या केसांची माणसं. जावई मला दारात सोडून गेला आणि संध्याकाळी न्यायला आला, तेव्हा मी दुपारी जेवलो नव्हतो हे त्याने विचारल्यावर मला आठवलं.

प्रदर्शनाचं जे श्रेय आहे ते त्याला द्यायला हवं. मला सिलिंडरचा नंबर आहे, म्हणजे चष्मा काढून फोकस फिरवला की भागलं, असं होत नाही. चष्म्यासकट कोणत्या आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, पूर्ण वर्तुळ दिसतं, हे कुठल्याही माहितीपत्रकात वाचून कळत नाही. तिथे मी एकामागून एक वीसेक आयपीस डोळ्याला लावून बघितले. १० मिलिमीटरच्या साध्या प्लोसल जातीच्या आयपीसला डोळा जवळपास काचेला टेकवावा लागतो, तो माझ्यासाठी बाद, हे पाच मिनिटांत कळलं. टेलीव्ह्यू कंपनीच्या टेबलावर ८२ अंशांचा रुंद देखावा दाखवणाऱ्या नाग्लर आयपीसमधून समोरच्या भिंतीवरचा ‘एक्झिट’चा दिवा पाहिला. आयुष्यात एवढा सुंदर एक्झिटचा दिवा मी पाहिला नव्हता. घेतला नाही, किंमत बघून परत ठेवला.

दुसरं म्हणजे माउंट, दुर्बीण ज्यावर बसते आणि फिरते तो. विषुववृत्तीय माउंटचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवतारा जवळपास तिथल्या अक्षांशाइतकाच वर असतो. तिथे मांडलेले सगळे विषुववृत्तीय माउंट तिथल्या अक्षांशाला लावलेले, ४१ अंशांवर. ध्रुवतारा तिथे चांगला वर असतो. साताऱ्यात तो १८ अंशांच्याही खाली, घराच्या उत्तरेला डोंगर असला तर दिसतही नाही. मी एका पोराला म्हटलं, हा जरा १८ वर आणून दाखव. तो हसला, पण त्याने बोल्ट सैल करून आणला खाली, आणि वजनाचा दांडा फिरवला तर वजन तिपाईच्या पायाला टेकलं. सगळ्याच माउंटचं असं होत नाही, पण त्या माउंटचं झालं. घरबसल्या मागवला असता तर हे मला चारभिंतीला घरच्या गच्चीवर कळलं असतं.

आणि बाहेरच्या अंगणात सूर्य. हायड्रोजन-आल्फाच्या, म्हणजे सूर्याचा एकच ठरावीक लाल रंग आत सोडणाऱ्या दुर्बिणी ओळीने लावून ठेवलेल्या असतात, कुणीही या आणि बघा. सूर्याच्या कडेवर लालसर ज्वाळांची झालर दिसली. एवढ्यासाठी तिकीट काढलं तरी पैसे वसूल, असं मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

पण नीट बघा, हे सगळं एकतर हॉलमध्ये किंवा भर उन्हात. रात्र त्यात कुठेच नाही.

मी तिथे पाच इंची तोंडाच्या मॅकसुटॉव्हवर भाळलो, म्हणजे पुढे भिंग आणि मागे आरसा असलेल्या आखूड दुर्बिणीवर. १२७ मिलिमीटरची, १५०० मिलिमीटर फोकल लेंथची, नळी एवढी आखूड की तान्ह्या पोरासारखी काखेत बसते. चारसाडेचार किलोच्या आत सगळं. माझ्या डोक्यात एकच हिशेब होता: विमानात हातातल्या बॅगेत येईल. शेजारी आठ इंची डॉब्सोनियनही उभा होता, म्हणजे पेटीवर ठेवून हाताने फिरवायची आरशाची लांब दुर्बीण, छातीपर्यंत येणारा, बोजड, वीस किलोंच्या वर. त्याच्याकडे मी गॅस गीझर बघावा तसं बघितलं आणि पुढे गेलो. प्रदर्शनाचा खास भाव, शेवटचा नग, वगैरे वगैरे. घेतला मॅक.

त्याच टेबलाच्या कोपऱ्यात काळे रुंद पट्टे ठेवले होते, वेल्क्रोचे, वायर लोंबणारे. दिसायला हुबेहूब बीपीच्या मशीनचे. मला वाटलं, आमच्या वयाच्या गिऱ्हाइकांची सोय केली असेल. विचारलं नाही.

आता मळा. माहुलीच्या पुढे, कृष्णेच्या काठाला माझ्या एका मित्राचा ऊस आहे. डिसेंबरची अमावास्या. त्याचा आठ इंची डॉब, खालची पेटी साताऱ्यातल्या सुताराकडून प्लायवूडची करून घेतलेली, आणि माझा अमेरिकन पाहुणा. पहिला अर्धा तास मी जिंकलो, हे खरं आहे आणि तो मित्रही मान्य करतो. मृगातल्या तेजोमेघाच्या पोटातले ते चार तारे माझ्या मॅकमध्ये टाचणीच्या टोकासारखे स्वच्छ टोचलेले. त्याला सारखी नळी ढकलावी लागत होती, माझी मोटर आपली गुपचूप मागोवा घेत होती.

पावणेदहाच्या सुमारास त्या चार ताऱ्यांभोवती मऊसर प्रभा आली. मला वाटलं, विरळ ढग. वर बघितलं तर आभाळ लख्ख. मग चष्मा पुसला. मग आयपीस पुसला. चारांचे तीन झाले, तिनाचा एक, आणि मग नुसता पिठूळ उजेड. शेवटी लाल टॉर्च नळीच्या तोंडावर मारला, तर पुढच्या भिंगावर बारीक रव्यासारखं दहिवर दाटून बसलेलं. मी खिशातून रुमाल काढला, तेवढ्यात मित्र ओरडला, “अरे, पुसू नको! कोटिंग जाईल!”

मग काय. हेअर ड्रायर तर आणलेला नव्हता, आणि आणला असता तरी लावणार कुठे? शेतीपंपाची थ्री फेज लाइट त्या आठवड्यात रात्रपाळीची होती, शेजारच्या उसात गडी दारं धरत होता आणि सऱ्यांमधून पाणी खळखळत होतं. वर उघडं आभाळ, खाली ओली जमीन. अशा रात्री काच आपली ऊब सरळ आभाळाला देऊन टाकते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते, मग हवेतलं बाष्प तिच्यावरच येऊन बसतं. सकाळी गाडीची सीट ओली असते, तोच प्रकार. मॅकचं भिंग नळीच्या अगदी तोंडाशी असतं, उघड्या ताटासारखं. डॉबचा आरसा नळीच्या तळाशी, जवळपास चार फूट खाली, आडात बसल्यासारखा. मित्राचा फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, रात्री एकनंतर धुरकटला, तेवढंच. आरसा शेवटपर्यंत कोरडा. मी उरलेली रात्र त्याच्या डॉबला डोळा लावून काढली आणि माझा मॅक बॅगेत झाकून ठेवला होता.

ते पट्टे बीपीचे नव्हते, हे तुम्हाला आता कळलं असेल. भिंगाभोवती गुंडाळून बॅटरीवर किंचित ऊब देण्यासाठी असतात. सफर्नलाही दव पडतंच. तिथल्या माणसाला ते माहीत असतं, म्हणून त्याला कुणी सांगत नाही, आणि मला माहीत नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. पण एसी हॉलमध्ये दहा तास फिरून मला वीस आयपीस कळले आणि माझ्या स्वतःच्या तालुक्यातली हवा कळली नाही.

यावर कुणी म्हणेल, मग कोरड्या माण-खटावात जा. बरोबर आहे, दहिवडीला दहिवर कमीच. पण दर अमावास्येला तेवढं जाणं माझ्याच्याने होत नाही. चाळकेवाडीचं पठारही करून बघितलं. तिथे दवाच्या आधी वारा तिपाई हलवतो. पवनचक्क्या उगाच नाही लावल्या तिथे.

मळ्याची बाजू मी घेतोय असं वाटत असेल तर त्याचीही रड सांगतो. मळ्यात तुम्हाला तीच दुर्बीण बघायला मिळते जी कुणीतरी आधीच घेतलेली आहे, आणि ज्याने घेतली आहे तो तिची निंदा करत नाही. निवड दोन-तीनांतलीच. बिबट्याची आवई उठली की रात्र गाडीत बसून जाते. कुणाचा तरी मोबाइल उजळतो आणि पुन्हा वीस मिनिटं डोळे सरावायला लागतात. आणि डॉब उचलून दुसऱ्या मजल्यावरून खाली आणताना तुमची कंबर तुमच्याशी जे बोलते, ते प्रदर्शनात तर नाहीच, मळ्यातही ऐकू येत नाही.

तरीपण. आता इथून दक्षिणेला बघा ना. एप्रिल-मेच्या रात्री ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्याकडे क्षितिजावर २५ अंशांपर्यंत येतो, सफर्नला जेमतेम डोकं वर काढतो. तिथल्या कुठल्याही विक्रेत्याने मला तो दाखवायचा प्रश्नच नव्हता. मळ्यात, त्या बोजड डॉबमधून, तो पसरलेल्या तांदळासारखा दिसला. पाच इंचीमध्ये तो आहे असं कळतं. आठ इंचीमध्ये त्याचे दाणे सुटे होतात. हे माझ्या डोळ्यांचं माप आहे, कुणी वेगळं सांगितलं तर वाद घालणार नाही.

(जाता जाता: डॉब ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते जॉन डॉब्सन कॅलिफोर्नियात रामकृष्ण परंपरेतल्या मठात २३ वर्षं साधू होते. चोरून दुर्बिणी करायचे, म्हणून १९६७ मध्ये मठातून बाहेर पडावं लागलं. पुढे फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवत बसले.)

तर माझं म्हणणं असं की, ज्याला काय घ्यायचं ते ठाऊक आहे आणि आता फक्त आयपीस, फोकसर, माउंट हाताळून बघायचे आहेत, त्याने नीफला खुशाल जावं, मजा येईल. पहिलीच घेणार असाल तर, जमल्यास, आधी थंडीतल्या दोन रात्री ओल्या रानात काढा. साताऱ्यात ओळखीचं कुणी नसेल तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची, मुंबईचं खगोल मंडळ आहे. त्यांच्या आकाशदर्शनाला जाऊन चार दुर्बिणींना रात्री दोन वाजता डोळा लावा. संध्याकाळी आठला सगळ्याच चांगल्या दिसतात.

मी गेल्या वर्षी डॉब घेतला. मॅक अजून आहे, चंद्रासाठी गच्चीवर. सौ.ची जुनी योगा मॅट कापून त्याच्या तोंडाला नळकांडं केलंय, त्याने दीड तास दवापासून सुटतो. त्यामुळे एप्रिलमध्ये तुम्ही जाणारच असाल, तर कोपऱ्यातल्या टेबलावर ते बीपीचे पट्टे असतील, बारा व्होल्टचे. पाच इंची नळीचा एक माझ्यासाठी आणा, पैसे आल्यावर देतो.