घरचा स्वाध्याय की केंद्रावरची परीक्षा?

शिकण्यासाठी यातलं जास्त उपयोगी काय? एनपीटीईएलच्या (आयआयटी, आयआयएस्सीच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन कोर्स) १२ आठवड्यांच्या कोर्सात दोन्ही असतं: सर्वोत्तम ८ स्वाध्यायांच्या सरासरीला २५ टक्के, केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० लागतात.

स्वाध्यायाची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आयती फिरतात. तिथल्या २४ गुणांवर हुरळून जाऊ नये. परीक्षेत पर्यवेक्षक समोर असतो, त्यामुळे तिथला आकडा जास्त खरा. पण गाडी कुठे अडली हे त्या आकड्यातून कळेपर्यंत कोर्सच संपलेला असतो! स्वाध्यायाचं तसं नाही. मुदत संपली की बरोबर उत्तर दिसतं, चौथ्या आठवड्यातली चूक पाचव्यात सुधारता येते. म्हणून शिकण्यासाठी माझं मत स्वाध्यायाला, तेही स्वतः सोडवलेल्या. कॉलेजात पदवीसाठी धरले जाणारे क्रेडिट हवे असतील तर परीक्षेला बसण्यावाचून इलाज नाही.