शनिवारची लिंबू-मिरची : राजारामपुरीतील एका घरपोच सेवेविषयी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाला दर शनिवारी लिंबू-मिरची बांधून देणाऱ्या मावशींची सेवा वडिलांच्या काळापासून चालू आहे, आणि केवळ काम पाहायचे तर तिला नाव ठेवायला जागा नाही. शटर वर जाण्याआधी त्या हजर असतात. सुकलेली माळ चौकात न फेकता पिशवीत टाकतात आणि काळ्या दोऱ्यात ओवलेल्या सात मिरच्या, लिंबू व बिब्बा अशी ताजी माळ दहा रुपयांत अडकवून जातात.

प्रश्न आहे तो दृष्ट लागत नाही या हमीचा. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भुकेल्या कबुतरांना, ती काहीही करोत, ठरावीक वेळाने दाणे मिळत होते. तरी आठांपैकी सहा पक्ष्यांना एकेक लकब जडली, कोणी पिंजऱ्यात गोल फिरू लागले, कोणी वरच्या कोपऱ्यात डोके खुपसू लागले. यांतील काही हालचाली योगायोगाने शिकलेल्या नसून दाण्यांची वेळ जवळ आल्यामुळे होत असाव्यात, असे पुढे १९७१ मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग यांनी दाखवले, हेही सांगायला हवे. आमचा गल्ला जूनमध्ये भरतो तो शाळा उघडतात म्हणून. श्रेय मात्र माळेला जाते.

तरीही माळ टिकते ती लाभापेक्षा भीतीमुळे. शेजारचे हार्डवेअरवाले काका म्हणतात, “दहा रुपयांसाठी विषाची परीक्षा कशाला?” परीक्षाच घ्यायची नाही म्हटल्यावर माळ नापास होणार कशी? मानसशास्त्रज्ञ सॉलोमन यांच्या १९५३ च्या प्रयोगातील, विजेचा धक्का टाळायला उडी मारण्यास शिकलेली कुत्री धक्का बंद झाल्यावरही शेकडो वेळा आडोसा ओलांडून उड्या मारत राहिली, कारण न थांबल्यामुळे धक्का बंद झाल्याचे त्यांना कळलेच नाही. शाहूपुरीच्या व्यापारी पेठेत २०१९ च्या महापुराचे पाणी शिरले, ते काही दारावरची लिंबे बघून मागे फिरले नाही. पण असे दाखले कोणी मोजत नाही, मावशी आल्या नाहीत आणि धंदा बसला तो एक शनिवार मात्र वर्षानुवर्षे सांगितला जातो.

सेवा आम्ही बंद केलेली नाही, कारण वडिलांचा शनिवार निर्धास्त जातो आणि तेवढ्यासाठी दहा रुपये मला महाग वाटत नाहीत. वक्तशीरपणाला पाचपैकी पाच, हमीला शून्य. मावशींनी बिब्ब्याऐवजी कोळसा वापरावा, एवढी सूचना आहे; बिब्ब्याचे तेल कातडीला लागले तर फोड येतात, आणि आमच्या दारात दिवसभर शाळेची मुले उभी असतात.