'फेलाइनसकट सगळे डॉग्स': इकोच्या कोर्समध्ये माझे २६,३३० रुपये कसे गेले

मुलुंड पूर्वेला माझं छोटं क्लिनिक आहे. कुत्री, मांजरं, जानेवारीत मांज्याने पंख कापलेली एखादी घार. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून बाहेर पडून एकवीस वर्षं झाली. हे आधी सांगते, कारण 'नवशिके फसतात' असं मीही समजत होते.

सुरुवात मोतीपासून झाली. अकरा वर्षांचा पामेरियन. खोकला नाही, धाप नाही, पोळी मागायला सगळ्यात पुढे, पण स्टेथो लावला की डाव्या बाजूला स्पष्ट मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यातला जादा आवाज. एक्स-रेवर हृदयाचं माप मणक्यांशी ताडून बघितलं तर ११.२ आलं. १०.५ च्या वर गेलं की कान टवकारायचे असतात. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हवाच होता, आणि तो मला येत नाही. मी नेहमीप्रमाणे दुसऱ्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. मोतीच्या मालकीणकाकू चिठ्ठी बघत म्हणाल्या, "डॉक्टर, इतक्या वर्षांत तुम्ही का नाही घेतलंत हे मशीन?"

त्यांनी सहज विचारलं, मला मात्र लागलं. एकट्याने क्लिनिक चालवणाऱ्याला मागे पडण्याची भीती कायम असते. २०२३ मध्ये जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक या वेदनाशामकांवर बंदी आली, ती बातमी मला औषध कंपनीच्या एमआरकडून कळली होती. कपाटातल्या दोन स्ट्रिप्स त्याच्यासमोरच कचऱ्यात टाकल्या, आणि नंतर दोन दिवस स्वतःवर चिडलेली होते.

त्याच आठवड्यात बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला. कुत्र्यामांजरांच्या इकोचा कोर्स, परदेशी हृदयरोगतज्ज्ञ शिकवणार, शेवटी अंधेरीत दोन दिवस हॅन्ड्स-ऑन, वर सीव्हीई (पशुवैद्यकांच्या पुढच्या शिक्षणाचे) पॉइंट्स. मूळ फी ३४,०००, 'फक्त आज' १८,५००. पाठवणारी माझी मैत्रीण होती, म्हणून मी शंका घेतली नाही. तिला तो कुठून आला हे मी विचारलं ते सगळं संपल्यावर. "मी फक्त फॉरवर्ड केलं गं," म्हणाली.

दिलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडच्याने आधी कोर्सबद्दल काहीच सांगितलं नाही. विचारलं, "मॅडम, तुमचं रजिस्ट्रेशन रिन्युअल कधी आहे?" पुढच्या वर्षी, म्हटलं. "मग तर घाई करा. पॉइंट्स कमी पडले की रजिस्टरमधून नाव जातं." आपली नोंद नागपूरच्या राज्य पशुवैद्यक परिषदेकडे असते, दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, हे त्याला पाठ होतं. परिषदेचा नियम नेमका काय आहे हे परिषदेलाच विचारायला हवं, इतकं साधं मला तेव्हा सुचलं नाही. पोटात गोळा आलेला होता.

मी विचारलं, "फेलाइन पण आहे का यात?"

"हो मॅडम, फेलाइनसकट सगळ्या जातींचे डॉग्स कव्हर होतात."

मी हसले! फेलाइन म्हणजे मांजर. टेलिकॉलर आहे बिचारा, त्याला काय कळणार, असं म्हणून सोडून दिलं. आज तेच वाक्य सगळ्यात जास्त टोचतं.

क्यूआर स्कॅन केला तर संस्थेचं नाव न येता कुठल्याशा बाईंचं नाव आलं. "आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत." एका हाताने लॅब्रॅडॉरचा सुजलेला कान धरून दुसऱ्या हाताने मी पैसे पाठवले. चार दिवसांनी जीएसटी वेगळा, ३,३३०. पुढे महिन्याभराने 'आंतरराष्ट्रीय क्रेडिट अटेस्टेशन'चे ४,५००. हत्ती गेलाच होता, शेपटासाठी कशाला अडायचं, असं करत गेले. पावती आली तीही नीट पाहिली नाही. नंतर माझ्या सीएने एक नजर टाकली आणि म्हणाला, "हा जीएसटी नंबर चौदाच अक्षरांचा आहे, पंधरा असतात." खरा नंबर असता तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकल्याबरोबर संस्थेचं नोंदलेलं नाव दिसलं असतं. त्याला लॉगिनही लागत नाही.

आता व्हिडिओंबद्दल, कारण चोरी तिथे उघडी पडली होती आणि मी डोळे मिटून बसले होते. रेकॉर्डिंग चांगलं होतं. शिकवणारा माणूस खराच जाणकार, उच्चार परदेशी, फक्त कोपऱ्यातला लोगो धुरकट केलेला. सहाव्या भागात हृदयाच्या मायट्रल झडपेच्या आजाराची स्लाइड आली. बी-२ म्हणजे हृदय वाढलंय पण लक्षणं नाहीत, थोडक्यात आमचा मोती. त्या टप्प्यावर औषध द्यायचं का? वक्ता म्हणाला, "यावर मोठी चाचणी सुरू आहे, निकाल येईपर्यंत थांबू."

मी व्हिडिओ मागे नेऊन दोनदा ऐकलं. ती चाचणी एपिक. तिचा निकाल २०१६ मध्ये छापून आला: बी-२ मधल्या कुत्र्यांना पिमोबेंडन हे हृदयाचं औषध दिलं तर हार्ट फेल्युअर सरासरी पंधरा महिन्यांच्या आसपास पुढे ढकललं जातं. २०१९ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत तर मापंसुद्धा दिली आहेत, डावं आलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) महाधमनीच्या १.६ पट किंवा जास्त, वगैरे. म्हणजे २०१६ च्या आधीचं कुणाचं तरी भाषण उचलून मला 'लेटेस्ट' म्हणून विकलं होतं. हे मला ठाऊक होतं म्हणून निभावलं. नसतं ठाऊक, तर मी काकूंना छातीठोकपणे 'थांबू या' म्हणाले असते आणि मोतीचे ते महिने गेले असते. पैशांपेक्षा या विचाराने मला जास्त घाम फुटतो.

तरीही मी काय केलं? कॉलरला मेसेज केला. उत्तर आलं, "अपडेटेड मॉड्यूल हॅन्ड्स-ऑनला मिळेल मॅडम." आणि मी थांबले.

हॅन्ड्स-ऑनच्या शनिवारी क्लिनिक बंद ठेवलं. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, बारापर्यंत अंधेरी पूर्वेच्या हॉटेलात हजर. रिसेप्शनवरच्या मुलीने रजिस्टर दोनदा चाळलं. असं बुकिंगच नव्हतं. लॉबीत आणखी तिघं ताटकळत होते. त्यातला एक नुकताच पास झालेला मुलगा सकाळची पंचवटी पकडून नाशिकहून आला होता, आल्या आल्या लॉबीच्या टॉयलेटमध्ये जाऊन नवे कोरे स्क्रब्ज घालून बसला होता. कॉलरचा फोन बंद. त्या मुलाने पुन्हा जाऊन कपडे बदलले, तेवढा वेळ आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता उभे होतो.

सर्टिफिकेट मात्र आगाऊच पीडीएफमध्ये आलेलं होतं. त्यावर 'रेस अप्रूव्हड' आणि एक क्रमांक. रेस ही अमेरिका-कॅनडातल्या पशुवैद्यक मंडळांच्या संघटनेची मान्यता. मान्य कार्यक्रमांची यादी त्यांच्या साइटवर कुणालाही शोधता येते. मी शोधला, असा कार्यक्रम तिथे नाही. आणि असता तरी ती मान्यता तिकडच्या मंडळांसाठी. आपल्या रिन्युअलला काय चालतं ते नागपूरच सांगणार. जाहिरातीत ज्यांचा फोटो होता त्या प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर ईमेल केला. दुसऱ्या दिवशी दोन ओळी आल्या: या कोर्सशी माझा संबंध नाही, असं विचारणाऱ्या भारतातून तुम्ही तिसऱ्या. पैसे भरायच्या आधी लिहिलं असतं तरी त्यांनी इतक्याच तत्परतेने उत्तर दिलं असतं.

हॉटेलच्या लॉबीतूनच १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लावला. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, वेळ, रक्कम हे हाताशी ठेवा, तिथे हेच विचारतात. मग सायबर पोर्टलवर तक्रार. पहिल्या दोन रकमा महिन्याभरापूर्वीच पुढच्या खात्यांत गेल्या होत्या. शेवटचे ४,५०० चारच दिवसांपूर्वीचे, ते होल्ड झाले आहेत. अजून हातात आलेले नाहीत.

मोतीचा इको दुसऱ्या डॉक्टरांकडे झाला. आलिंद १.८ पट. सकाळ-संध्याकाळ गोळी सुरू केली आहे, ती जेवणाच्या तासभर आधी, रिकाम्या पोटी द्यायची असते आणि मोतीला पोळीशिवाय गोळी गिळवत नाही, हा काकूंचा रोजचा प्रश्न.

हे सगळं मी बॅचच्या ग्रुपवर त्याच मेसेजखाली लिहिलं. ग्रुपवर दोन-चार अंगठे आले, बाकी शांतता. रात्री अकरानंतर दोघांनी वेगवेगळं खासगीत लिहिलं, "मीपण भरले होते." एकाने खाली जोडलं, "घरी माहीत नाही, ग्रुपवर नाव घेऊ नकोस."